भाऊसाहेबांची बोट

बोट पाण्यात कमी आणि काठावर जास्त असली, की किस्से आपोआप साठतात. वाळूजच्या आमच्या कारखान्यात सोमवारी डबा उघडताना कुणीतरी विचारतंच, "काल काय केलं भाऊसाहेबानं?" आणि काल काहीतरी केलेलंच असतं.

भाऊसाहेब टूलरूममधला, गाव धरणाच्या काठाला. कल्पनावहिनींनी मोबाइलवर बोटीमागं दोर धरून, पायात फळ्या घालून पाण्यावरून घसरत जाणारी बाई पाहिली आणि सहज म्हणाल्या, "असं एकदा उभं राहता आलं पाहिजे." यानं जुनी बोट घेतली, मागं लटकवायचं लहानसं आउटबोर्ड इंजिन आणि तसल्या फळ्या घेतल्या. तेव्हापासून चालता-बोलता त्याच विचारात हरवलेला असायचा.

*

दोर बांधायला बोटीत खांब लागतो. तो केला शहागंजच्या सत्तारभाईंनी. त्यांची हयात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्ड करण्यात गेलेली, खांबही त्याच मापाचा. "इसकू गन्ने की ट्रॉली बांधो, वो बी खिंचेगी. भाभी क्या चीज है!" वहिनी मागंच उभ्या होत्या.

पाण्यात उतरवल्यावर खांबाच्या वजनानं बोटीचं बूड दबलं आणि नाक वर गेलं. भाऊसाहेब इंजिनाचं हँडल धरून बसलेला. मी विचारलं, "समोर काय दिसतंय?"

"ढग," तो म्हणाला. आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

*

मग हलका पाइप लावला. पुढचा घोळ इंजिनाचा. ते वर राहिलं तर पंखा हवा खातो आणि नुसता ओरडतो, फार खाली गेलं तर बोट जड होते. भाऊसाहेबानं कारखान्याच्या सवयीनं स्पिरिट लेव्हल आणली आणि तरंगत्या बोटीत इंजिनावर ठेवली. सकाळचं कोवळं ऊन, लांबवर पांढरे पक्षी, आणि हा लेव्हलच्या काचेतल्या बुडबुड्याकडं टक लावून.

"कुणी हलू नका जरा."

"पाणी हलतंय, भाऊसाहेब."

"मग त्याला सांगा की."

सत्तारभाईंनी खरंच पाण्याला दम दिला.

*

पहिली ट्रायल माझ्यावर. आमच्या शॉपमध्ये हात आडवा हलवला की क्रेन थांबते. मी अर्धा पाण्याखाली, नाकातोंडात पाणी, तसाच जीव तोडून हात हलवला. बोटीत मागं तोंड करून बसले होते सत्तारभाई. त्यांनी क्रेन कधी पाहिलेली नाही. त्यांनी मला प्रेमानं टाटा केला.

*

हिवाळाभर वहिनी पडत राहिल्या. काठावर मेंढरं चारणारे एक म्हातारबाबा दर रविवारी बघायचे. शेवटी न राहवून त्यांनी मला विचारलंच, "पाव्हणं, बाईला एवढं फरफटत नेताव, तिनं काय केलंय?"

वहिनी चिंब भिजलेल्या, तरी काठावर बसून पोटभर हसल्या. भाऊसाहेबाला मात्र त्या दिवशी घास गेला नाही.

*

उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी मागं सरकू लागलं, खडक वर आले. आता पाऊसकाळापर्यंत बोट बंद, हा शेवटचा रविवार. भाऊसाहेबानं पंखा बदलला होता. नव्याचा वेग कमी, पण ओढ जास्त. खडकांमुळं चालवणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही, असं ठरलं. मागं तोंड करून मी बसलो.

दोर ताणला. पाणी फुटलं आणि वहिनी त्यातून सावकाश वर आल्या. वाकलेल्या, मग सरळ. धरण एवढं शांत होतं की त्या आभाळावर उभ्या आहेत असं वाटत होतं.

"उभी राहिली?" भाऊसाहेबानं पुढं बघतच विचारलं.

"राहिल्या."

"पडली?"

"नाही."

"अजून हाये?"

"अजून."

बऱ्याच वेळानं वहिनींनी आपणहून दोर सोडला. आम्ही वळसा घेऊन त्यांच्यापाशी गेलो, इंजिन बंद केलं. त्यांनी बोटीची कड धरली, तोंडावरचे केस मागं सारले.

"बघितलं का?"

"व्हय, बघितलं की," भाऊसाहेब म्हणाला.

"खोटं नका बोलू. तुमची मान एकदाबी वळली नाय. मी सगळा वेळ तीच बघत होते."