नाव लक्ष्मी, गाव मिठागर

हरवलेलं माणूस कागदातून हुडकून काढावं ते आमच्या मामेसासऱ्यांनीच. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात त्यांना तोड नाही, हे मी शपथेवर सांगेन. कचेरीत जन्मभर फायली लावून निवृत्त झाल्यावर ते डोंबिवलीत, हरवलेल्यांना घरी पोचवणाऱ्या एका छोट्या संस्थेत फुकट बसू लागले. माणूस ओळखायची त्यांची पद्धत विलक्षण कडक. एका लग्नात मी विचारलं, "मामा, ते जोशी कुठे बसलेत? बँकेतले, चष्मेवाले?" ते कळवळून म्हणाले, "जावईबापू, डोंबिवलीत जोशी, बँक आणि चष्मा, तिन्ही मिळून शून्य मार्क. दुर्मीळ काहीतरी सांगा!" मी म्हटलं, वरणभातावर साखर घेतात. मिनिटभरात मामांनी जोश्यांना हाताला धरून हजर केलं. मामींनी दहादा 'दूध आणा' म्हटलं, तर म्हणत, "एकदा सांगितलेलं कळलं. दहादा सांगून ते दहापट महत्त्वाचं होत नाही."

हरवलेल्यांच्या घरच्यांनी संस्थेत लिहवलेल्या नोंदी कॉम्प्युटरवर आल्या तेव्हा शोधायचा प्रोग्राम मीच लिहिलेला. घोडबंदर रोडच्या ऑफिसात माझं कामच ते, त्यामुळे थोडी ऐट होती. नाव, गाव, पेहराव, इतर माहिती असे रकाने. शब्द ज्या रकान्यात सापडेल त्याप्रमाणे गुण, आणि गुणांप्रमाणे यादी. नावाला सगळ्यांत जास्त, 'इतर माहिती'ला सगळ्यांत कमी.

आणि आंबिवली स्टेशनवर एक म्हातारी सापडली. दोनच गोष्टी सांगायची, "मी लक्षुमी, पाटलाची. मना मिठागरान जायाचं." प्रोग्रामनं झटकन लक्ष्मी पाटलांची रांग लावली. सगळीकडे फोन झाले. एकही तिची नव्हे. तीन दिवस ती धड जेवली नव्हती. मी हात टेकले. मामा मात्र यादीच्या तळापर्यंत गेले आणि बोट ठेवलं: बेबी म्हात्रे, राहणार दिवा, फोटो नाही. इतर माहिती: मिठागराबद्दल बोलत राहते.

"अहो, नावातलं एकही अक्षर जुळत नाही!" मी म्हणालो.

"ती आत्ता मनानं लहान झालीय हो. माहेरचं नाव सांगतेय. बाईचं नाव लग्नात बदलतं, जावईबापू. मिठागर कोण बदलणार?"

इतकी वर्षं हे काम करून मला न सुचलेली गोष्ट ते चष्मा पुसता पुसता सांगून गेले होते.

संध्याकाळी दिव्याहून लेक धावत आली. "आई! बेबीबाय, अगं मी!" म्हातारीनं बघितलंही नाही. मामा हळूच म्हणाले, "लक्ष्मी, तुला न्यायला आलेत." तिनं मान वर केली आणि हात पुढे केला. लेकीनं तो घट्ट धरला आणि रडत रडत मामांना विचारलं, "लक्ष्मी कोण?"

दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्याकडून नोंदीत एक रकाना वाढवून घेतला: माहेरचं नाव. त्याला गुण भरपूर द्या म्हणाले. दिलेत. पण बहुतेक नोंदींत तो रिकामाच आहे. विचारलं, की घरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात.