ओटीतली दोरी

तेव्हाच्या आंध्रातल्या बाजारहत्नूरजवळच्या ज्या गावात प्रयागबाई राहायची, तिथल्या निम्म्या घरांतलं पहिलं रडणं तिच्या हातावर झालेलं होतं. त्यामुळे गावात तिचा धाक असा की सरपंचसुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नसे. चुकून चढवलाच तर ती चारचौघांत ऐकवायची, "तू पायाळू होता बापा. तुले उलटा काढला मी, तवापासून तुझं सारं उलटंच!" यावर सरपंच काय बोलणार? नवरा डोमाजी ज्वारी-कापूस पिकवायचा आणि घरातलं बोलण्याचं काम त्यानं लग्नानंतर महिन्याभरातच बायकोवर सोपवून दिलं होतं.

अशी ही तोंडाची फाटकी बाई एका दिवशी गप्प राहिली. नेमकं बोलायचं त्याच दिवशी गप्प राहिली, आणि तिचं पुढचं आयुष्य त्या एका गप्प बसण्यानं घडवलं.

सन त्र्याऐंशीची गोष्ट. किनवटच्या बाजूच्या, राज्याच्या शिवेपलीकडच्या एका गावातली राही प्रयागबाईच्या गावात सून म्हणून आली होती. तिची आई जयवंताबाई स्वतः दाई, तीही हाताची नामी. राहीला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात एकदा तिच्या अंगावरून लाल गेलं, दुखलं-खुपलं काही नाही. सहाव्यात पुन्हा गेलं. प्रयागबाईनं तिला निजवून ठेवलं, खाटेच्या पायथ्याखाली विटा दिल्या, आणि ते थांबलं. पण तीस वर्षांच्या कामानं तिला एक पक्कं ठाऊक होतं: ज्या बाईचं असं न दुखता जातं, तिचं बाळंतपण घरच्या हाताचं नाही. तिला आधीच आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं पाहिजे.

सातवा लागला. पहिलटकरीण माहेरी निघाली. खण-नारळानं, गव्हानं ओटी भरली. आता आपल्याकडे रीत अशी की ओटी भरून लेक निघाली की कुणी वावगा शब्द काढायचा नाही. शिवाय अंगावरून जाण्याचं तर नावही घ्यायचं नाही, नाव घेतलं की ते परत येतं म्हणतात. राही स्वतःही तेच मानायची. आईला सांगेल अशी आशाच नव्हती. प्रयागबाई बैलगाडीच्या चाकावर हात ठेवून उभी राहिली. शब्द ओठांपर्यंत आला. राहीच्या सासूनं डोळे वटारले. प्रयागबाई म्हणाली, "सुखरूप ये व माय," आणि चाकावरचा हात काढून घेतला.

जयवंताबाईनं दोन महिन्यांनी लेकीचं बाळंतपण घरीच केलं. कुणी काही सांगितलंच नव्हतं, तर दुसरं काय करणार होती? दुपार व्हायच्या आत राही गेली. रक्त काही केल्या थांबलं नाही.

आपल्या लोकांची ही खोड मला कधी समजली नाही. शेजारणीच्या सुनेनं भाजीत मीठ जास्त टाकलं तर ते तीन गावांत पोचतं, पण पोरीच्या जिवाचं सांगायचं म्हटलं की अपशकुन आडवा येतो! प्रयागबाईलाही ते समजलं नाही. ती आठ दिवस धड जेवली नाही. डोमाजीनं न बोलता ताट पुढे सरकवावं आणि तिनं ते न बोलता मागे सारावं, असं चाललं.

त्या हंगामात कापूस वेचून झाल्यावर देवापुढच्या वाती वळताना तिला सुचलं. तोंडानं सांगायचं नाही ना? मग हातानं सांगू. तिनं वातीच्या कापसाची लांब दोरी वळली आणि हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवली. जितवा महिना चालू असेल तितक्या गाठी. टोचून घेतलेल्या प्रत्येक इंजेक्शनाला एक हिरवा धागा. आणि अंगावरून जितक्या वेळा गेलं तितके लाल धागे, कुंकवात रंगवलेले. अशी दोरी नारळाच्या जोडीला ओटीत घातली. हळदी-कुंकवाची वस्तू, तिला सासू कशी नाही म्हणणार? उलट सासवा विचारायला लागल्या, "प्रयागबाई, आमच्या सुनेले काऊन नाही देल्ली?"

आता दोरी वाचणारं कुणी पलीकडे हवं. आठवडी बाजारात दोन्हीकडच्या दाया येतच असत. मिरच्या निवडता निवडता प्रयागबाई त्यांना गाठी शिकवायची. चार-पाच वर्षांत शिवेच्या अलीकडे-पलीकडे मिळून पंधरा-सोळा गावांत तिची दोरी वाचता येऊ लागली. तिच्या जीवनात त्यानंतर एकच ध्यास होता, की एकही पोर तोंड मिटून माहेरी जाऊ नये.

फक्त एका गावाला तिनं दोरी कधी शिकवली नाही. जयवंताबाई बाजारात दिसली की प्रयागबाई कांद्याच्या ढिगाआड व्हायची. सरपंचाला न घाबरणारी बाई!

एकोणनव्वद साली त्या भागात एका परदेशी संस्थेच्या मदतीनं माता-आरोग्याचा प्रकल्प आला. त्याची देखरेख करणारे साहेब सुधाकरराव मूळचे नांदेडचे, चांगले शिकलेले, मनानं वाईट नव्हेत. पण कागदावर जे नाही ते जगात नाही अशी त्यांची श्रद्धा होती. दायांचं प्रशिक्षण सुरू झालं. दाया मराठी बोलणाऱ्या, शिकवणाऱ्या सिस्टरम्मा हैदराबादच्या, तेलुगूत बोलायच्या, आणि तक्ता इंग्रजीत. तक्त्यावर एक बाई पलंगावर पांढरी चादर घेऊन निजलेली. प्रयागबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "हे कोणाची सून व? हिच्या खाटेखाली कोंबडी नाही, घरात सासू नाही, हे आजारी तरी काऊन पडली?" तीन वर्षं दर वर्षी तोच तक्ता, तीच बाई, तीच चादर. साबणानं हात धुणं आणि नाळ कापायला नवं पातं, या दोन गोष्टी प्रयागबाईनं मनापासून घेतल्या आणि कधी सोडल्या नाहीत. चांगलं ते चांगलं म्हणायला तिला लाज नव्हती.

प्रकल्पानं प्रत्येक गरोदर बाईला एक कार्ड दिलं. धोका असेल तर कार्डावर मोठी काळी फुली. आता सांगा, लेकुरवाळी व्हायला निघालेल्या पोरीच्या हातात काळी फुली कोण देईल? कार्डं सासरच्या पेटीत तळाशी गेली आणि पोरी माहेरी गेल्या. नवव्या महिन्यात प्रकल्पाची जीप दारात यायची, बाई घरात नसायची, आणि वहीत शेरा पडायचा: गैरहजर.

एक्क्याण्णवमध्ये संस्थेची मोठी डॉक्टरीण पाहणीला आली. हॉलंडची, नाव मारिका. बाया तिला डॉक्टरम्मा म्हणू लागल्या. बाजारहत्नूरच्या शाळेत बैठक भरली. खुर्च्यांवर साहेब लोक, सतरंजीवर दाया. सुधाकररावांनी अहवाल वाचला: निम्म्याहून जास्त गरोदर बाया गैरहजर आढळल्या, दाया कार्डांकडे लक्ष देत नाहीत, सबब पुढच्या वर्षापासून दायांना वगळून शिकलेल्या मुली घ्याव्यात.

प्रयागबाई उठून उभी राहिली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"साहेब, गैरहजर कोणी नाही. पहिलटकरणी हायेत त्या, माहेरी गेल्या. तुमी त्यायले सासरी पाहून राह्यले."

"पण मग कार्ड सोबत का नेत नाहीत?"

"काळी फुली ओटीत घालते का कोणी? तुमच्या बहिणीले घातली असती तुमी?"

प्रयागबाईनं पिशवीतून दोऱ्यांचा जुडगा काढला. बाळंतपण सुखरूप झालं की दोरी तिच्याकडे परत यायची अशी तिनं रीतच घातली होती. एकेक दोरी ती डॉक्टरम्मापुढे ठेवत गेली. ही अमक्याची सून, आठ गाठी, एक लाल, पलीकडच्या दाईनं वाचून दवाखान्यात नेली, मायलेकरं खुशाल. ही दुसरी. ही तिसरी. सुधाकरराव इंग्रजीत सांगत होते आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बदलत गेला, कारण वहीतल्या गैरहजर बाया एकामागून एक हजर होत होत्या.

डॉक्टरम्मा हरखली. भराभर बोलली. सुधाकररावांनी मराठीत आणलं: हे फार मोलाचं आहे, आपण याच्या प्लॅस्टिकच्या माळा बनवून घेऊ, धोक्याला काळा मणी ठेवू म्हणजे सगळ्या देशांत एकसारखं होईल, आणि हैदराबादहून शिकवणारे येऊन सगळ्या दायांना शिकवतील.

"कोणाले शिकवतीन?" प्रयागबाईनं विचारलं.

"तुम्हाला."

"माझी दोरी मले?"

सतरंजीवर असा हशा पिकला की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. प्रयागबाई मात्र हसली नाही. "दोरी न्या, माझी ना नाही. पण काळा मणी नको, लालच पायजे. आन् शिकवीन मी. मराठीत. त्या दिवशी डॉक्टरम्मानंबी सतरंजीवर बसावं."

"बाई, तुम्हाला अक्षर येत नाही," सुधाकरराव कळवळून म्हणाले.

"तुमाले बाळंतपण येते का? तरी तीन वर्सं ऐकलंच ना आमी तुमचं?"

हे सुधाकररावांनी भाषांतर केलं की नाही कुणास ठाऊक, पण डॉक्टरम्माला न सांगता कळलं असावं. ती खुर्चीवरून उठून सतरंजीच्या कडेला येऊन बसली. म्हणाली, कबूल आहे, दायाही राहतील. फक्त वर्गात सुरुवातीला हे सांगा की लाल धागा तुम्हाला सुचला कसा. शिकणाऱ्याला कारण कळलं पाहिजे.

साधाच प्रश्न. त्यावर प्रयागबाईचं तोंड मिटलं. घरी गेल्यावर ती डोमाजीशी बोलली. डोमाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि वर्षाकाठी एखादं वाक्य बोलायचा ते त्या दिवशी बोलला: "आठ वर्सं दोरीनं सांगतलं. आता तोंडानं सांग."

पुढच्या पौषात वर्ग भरला. पलीकडच्याही दाया आल्या, चोवीसजणी. डॉक्टरम्मा सतरंजीवर मांडी घालून बसली होती, तिची गाठ सारखी सुटायची आणि प्रयागबाई तिच्या हातून दोरी घेऊन म्हणायची, "पुन्हा." तिसऱ्या वेळी जमली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रयागबाईला शिकवणं असं शोभलं की जन्मभर तिनं तेच केलं असावं.

आणि दाराशी, उशिरा येऊन, जयवंताबाई बसली होती.

इथं कांद्याचा ढीग नव्हता. प्रयागबाई पाणी प्याली. मग तिनं सांगायला घेतलं, कुणाचं नाव न लपवता. राही, पाचवा महिना, सहावा महिना, बैलगाडी, चाकावरचा हात. "मले ठाऊक होतं बायांनो. मी भेली अपशकुनाले. सांगतलं असतं तं पोर दवाखान्यात गेली असती. हे माझ्यानं झालं. लाल धागा तिथून आला." डॉक्टरम्माला कुणी भाषांतर करून दिलं नाही. सुधाकरराव खिडकीकडे तोंड करून उभे होते.

जयवंताबाई उठली. आता ही हिच्या झिंज्या धरते असंच वाटलं. ती पुढे आली, शिकवण्यासाठी ठेवलेल्या टोपल्यातली एक कोरी दोरी उचलली आणि तिथंच खाली बसून गाठी मारायला लागली. तिची बोटं म्हातारी होती, पण गाठी पक्क्या बसत होत्या. सात गाठी झाल्या. मग तिनं एक लाल धागा बांधला आणि दोरी प्रयागबाईपुढे धरली.

"सातव्यात आली होती माझी राही. बरोबर हाय का, पाह्य."

प्रयागबाईनं दोरी हातात घेतली. गाठी मोजल्या. डोळे भरून आले होते, तरी ती शिकवायला बसली होती आणि चुकलेली दोरी पुढे जाऊ देणं तिच्यानं होणार नव्हतं.

"एक कमी हाय, जयवंताबाई," ती म्हणाली. "दोनदा गेलं होतं तिचं. लाल दोन पायजेत."

जयवंताबाईनं टोपल्यातून दुसरा लाल धागा काढला, पहिल्याच्या शेजारी बांधला, दोरी आपल्या ओटीत घातली आणि इतर बायांमध्ये जागा करून बसली.

"हं," ती म्हणाली, "आता पुढचं शिकव."