कायद्यातला ‘किंवा’ वाचणाऱ्या मॅडम

डॉ. इंदुमती बिराजदार मॅडमच्या सोलापुरातल्या दवाखान्यात मी चष्म्याचे नंबर काढायला रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले, की पेशंट खुर्चीत बसल्यावर नव्हे, दारातून आत येताना पाहायचा. मला ते उगाच वाटले होते.

पुढे सांगोल्याकडच्या यशोदाबाई आल्या. शेळ्या राखणाऱ्या, चाळिशीच्या. चालताना सारख्या अडखळत, वाढलेल्या ताटात पाय पडे. पण भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरे त्यांनी जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. त्या दिवशी गर्दी फार होती. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी राहून गेली, आणि नजर चांगली आहे असे सांगून मॅडमनी त्यांना घरी पाठवले.

दुपारी जेवताना मॅडमना खिडकीतून त्या समोरच्या एसटीच्या थांब्यावर दिसल्या, पुढचा कठडा न दिसून पडलेल्या. उघडा डबा तसाच टाकून मॅडम धावल्या आणि त्यांना हाताला धरून परत घेऊन आल्या. पडदा तपासला, नजरेचा परीघ मोजला, तर नळीतून पाहावे तेवढेच त्यांना दिसत होते. पडद्याच्या या आजाराला औषध नाही, हेही मॅडमनी त्यांना शांतपणे सांगितले.

अंधत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मॅडम स्वतः त्यांच्याबरोबर सरकारी वैद्यकीय समितीपुढे गेल्या, मीही होते. तक्ता वाचणारी बाई अंध कशी, अशी हरकत निघाली. मॅडमनी कायदा उघडून व्याख्या वाचली: चष्मा लावूनही मुळीच न दिसणे, किंवा त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याची नजर तीन-साठहून कमी असणे, म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसणारे अक्षर तीन मीटरवरूनही न दिसणे, किंवा नजरेचा परीघ दहा अंशांहून कमी असणे.

“या शेवटच्या ‘किंवा’ची आठवण पहिल्या तपासणीत मलाही झाली नाही,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे. तिची शिक्षा यांना नको.”

प्रमाणपत्र मिळाले. आता यशोदाबाई एसटीच्या सवलतीचे विचारतील, असे मला वाटले. त्यांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

“घरात म्हणत्यात, सोंग करती,” त्या म्हणाल्या. “आता हितं लिवलंय की.”

पुढच्या रविवारी मॅडम मला घेऊन यशोदाबाईंच्या घरी गेल्या. जाड कागदाची पुंगळी करून त्यांनी सासूबाईंच्या एका डोळ्याला लावली, दुसरा मिटायला लावला आणि अंगणात चालायला सांगितले. चार पावलांवर सासूबाई थांबल्या. त्यांनी सुनेच्या वाटेतली घागर उचलून बाजूला ठेवली.

मॅडमना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. आजही दर मंगळवारी त्या पेशंट तपासतात. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि आपली चूक चारचौघांत सांगून ती निस्तरण्याचे त्यांचे धैर्य आम्हा शिष्यांच्या अंगी थोडे तरी उतरो.