मामाजींना कुत्रं चावलं तेव्हा

लग्न होऊन मी पांढुर्ण्याहून रामाकोन्याला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं की या घरात गोळी-औषध चालत नाही. माझे सासरे एका लहानशा पंथाचे मुखिया. आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणतो. दर गुरुवारी आमच्या घरामागच्या टिनाच्या मांडवात मंडळी जमायची, भजनं व्हायची आणि शेवटी मामाजींच्या हातचं मंतरलेलं पाणी सगळे घ्यायचे. ताप असो, विंचू असो, उपाय तोच. करोनाची लस टोचायला आलेल्या लोकांना मंडळींनी चहा पाजून, हात जोडून परत पाठवलं होतं.

माझी लेक माहेरी झाली. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात तिला जन्मल्याबरोबरच्या लशी मिळाल्या, पुढच्या सगळ्या रामाकोन्यात येऊन अडल्या. नवऱ्याजवळ विषय काढला की तो म्हणायचा, तूच बोल बाबांशी. मामाजी स्वभावाने मऊ, पोरीला दिवसभर कडेवर घेऊन फिरायचे. पण या गोष्टीवर त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नव्हतं.

संत्र्याची तोड चालू होती त्या दिवसांत एका सकाळी ते बगिच्यातून लंगडत आले. पोटरीतून रक्त वाहत होतं. कुत्रं चावलं होतं, आणि तेही कोणतं, तर ज्याने शेजाऱ्यांच्या वासराला फाडलं होतं ते. ते कुत्रं दोन दिवसांपासून तोंडाला फेस आणून दिसेल त्याच्या अंगावर धावत होतं. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं.

मी काही न विचारता त्यांना नळाखाली बसवलं आणि साबण लावून जखम धुवायला लागले. धूत राहिले. तेवढ्यात सासूबाईंनी देवासमोरचा मंतरलेल्या पाण्याचा गडवा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. अंगणात मंडळीतली पाच-सात माणसं जमली होती. कुत्रं चावलेल्यांना पाणी द्यायला मामाजींची ख्याती होती, पार तिगावपासून लोक यायचे. आज त्यांनी स्वतःच ते घ्यायचं होतं.

त्यांनी गडवा उचलला नाही. पाण्याकडे पाहत हळूच म्हणाले, "तिगावच्या एका माणसाले मी हेच पाणी देल्लं होतं. मंग त्याले पाणी पाहूनच झटके येऊन राहिले होते. मी पाहून आलो होतो त्याले."

हे त्यांनी घरातही कधी सांगितलं नव्हतं.

"बाई, गाडी काढ," ते मला म्हणाले. "सौसरले दवाखान्यात जाऊ."

नवरा मंडीत गेला होता. लेक सासूबाईंच्या हातात दिली आणि मी स्कूटी काढली. सौसरच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी घाबरले होते, आणि तरीही मला आनंदाने जोरात ओरडावंसं वाटत होतं. आरशात पाहिलं तर मंडळीतल्या दोन मोटरसायकली मागे येत होत्या. मला वाटलं अडवायला आलेत. अडवलं नाही. दवाखान्यापर्यंत मागे-मागे आले आणि खिडकीतून पाहत उभे राहिले.

मामाजींनी जन्मात सुई घेतली नव्हती. दंडावर एक टोचली, मग जखमेभोवतीही टोचल्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. झाल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, लहान पोरीले हे किती दुखते. त्या म्हणाल्या, घडीभर रडतात अन् विसरतात. ते ऐकून माझे डोळे भरून आले.

ते कुत्रं दुसऱ्या दिवशी मेलं, पुढे महिन्याभराने वासरूही तसंच फेस येऊन गेलं. मामाजी ठरल्या तारखांना सौसरला जात राहिले आणि प्रत्येक वेळी त्यांच्यासोबत एखादा नवा माणूस असायचा, कोणी गुडघा दाखवायला, कोणी खोकला. गुरुवारी मांडव भरला तेव्हा वाद झाला. दोन घरं उठून गेली, ती अजून आमच्याकडे येत नाहीत. मामाजींनी त्यांना थांबवलं नाही. उरलेल्यांना ते एवढंच म्हणाले, "भजन करू, पाणीही घेऊ. पण दवाखान्यात जाच्या आड मी येणार नाही. मले सुई चालली, तर तुमच्या लेकरायले काहून नाही?"

पुढच्या महिन्यात गावच्या नर्सताई लशींचा डबा घेऊन आमच्याच मांडवात बसल्या. त्या सकाळी माझ्याच्याने एका जागी बसवत नव्हतं. सतरंज्या मी अंथरल्या, पुन्हा झाडल्या, पुन्हा अंथरल्या. बाया लेकरं घेऊन आल्या खऱ्या, पण पहिलं कोणी पुढे होईना. मामाजींनी माझ्या लेकीला मांडीवर घेतलं आणि नर्सताईंसमोर बसले. सुई लागली तशी ती अशी किंचाळली की बाहेरची कोंबडी उडाली. बाया हसल्या, आणि मग रांग लागली.

दुपारपर्यंत मांडवात नुसता रडण्याचा गोंधळ होता. मोठ्या बायाही नर्सताईंना सोडेनात. कोणी हाताला पट्टा बांधून बीपी पाहून घेत होती, कोणी साखरेचं विचारत होती. ताईंचा जेवणाचा डबा तसाच गार झाला म्हणून सासूबाईंनी त्यांना आमच्या चुलीवरची गरम भाकर अन् वांग्याची भाजी वाढली. मी लेकीला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरत होते. ती कधीच झोपली होती, तरी मी फिरत होते.