पानावरचा पिवळा ठिपका

चाकणच्या कंपनीत माझं काम एकच, दुसऱ्यानं केलेल्या कामावर संशय घ्यायचा. जॉब, म्हणजे मशीनवरून आलेला सुटा भाग, हातात आला की मोजायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि ओके असेल तर खिशातल्या मार्करनं पिवळा ठिपका द्यायचा. एकवीस वर्षं हेच. त्यामुळे बायको एका पुस्तकाच्या नादी लागली, तेव्हा ते मला पहिल्या दिवसापासून खटकलं.

कादंबरी होती हो ती, पोथी नव्हे! पण ताथवड्याच्या आमच्या सोसायटीतल्या बायका दर गुरुवारी ती पाटावर ठेवायच्या, हळदकुंकू वाहायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. गुरुवार म्हणजे आमच्या कंपनीची सुट्टी. आठवड्यातून एक दिवस मी घरी, आणि ही खाली क्लबहाऊसमध्ये. गोष्ट काय, तर एक संसारी बाई चहाचं आधण गॅसवर तसंच ठेवून गुरूच्या आश्रमात निघून जाते. म्हटलं, वा! छान शिकवण चाललीये.

लेक लग्न होऊन गेल्यापासून ही गप्प गप्प असायची. माझी निम्मी हयात सेकंड शिफ्टमध्ये गेलेली, रात्रीचं जेवण तिचं एकटीचंच. हे मला कळत होतं, पण बोलायचं कसं ते कळत नव्हतं. मग मी तपासायला लागलो. ती भाजी आणायला गेली की पुस्तक उघडून खुणेचं मोरपीस कुठवर आलंय ते बघायचो. पीस मात्र, बाई घर सोडते त्याच पानावर अडकलेलं. एकदा कपाटावरची प्रवासाची बॅग हलवून बघितली, तर जड लागली. उघडायची हिंमत झाली नाही.

अशात त्या कादंबरीवर सिनेमा आला. बायकांनी गुरुवारचा दुपारचा शो ठरवला.

“मीपण येतो,” म्हणालो.

“तुम्ही? सिनेमाला?” ती बघतच राहिली. “चला की.”

चिंचवडच्या थेटरात दिवे मालवले, तशा आमच्या रांगेतल्या बायकांनी चपला काढून सीटखाली सारल्या. मी बूट घालूनच बसलो. पडद्यावरचा नवरा इतका बावळट दाखवलेला की माझं डोकंच फिरलं. अहो, बायको घर सोडून निघालीये आणि हा पेपर वाचतोय! तिनं उंबरा ओलांडला, तेव्हा मी पडद्याकडे नाही, हिच्याकडे बघत होतो. हिचा चेहरा कोरडा. शेवटी मात्र बाई घरी परत येते, नवरा तिला चहा करून देतो. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर ही म्हणाली, “पुस्तकात ती परत येत नाही. सिनेमावाल्यांनी बदललंय.”

“म्हणजे तू पुस्तक संपवलंस? मग पीस त्या पानावरच का?” माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं पुस्तक आणून ते पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. वरच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका होता. माझाच. तपासून झालं की हात आपोआप खिशाकडे जातो, तसाच तो इथेही गेला असणार. मला आठवतसुद्धा नव्हतं.

“पाच गुरुवार झाले,” ती म्हणाली. “बॅग भरलेली होती माझी. हा ठिपका बघितला. तुमच्याकडे ठिपका म्हणजे ओके ना? दोन दिवस वाटलं, तुम्ही जा म्हणताय.”

“आणि मग?”

“मग वाटलं, एवढं पान उघडून बघणारा माणूस कधीतरी तोंडानं विचारेल. म्हणून पीस तिथंच ठेवलं. पुन्हापुन्हा बघत होतात, ते कळत होतं मला. पण तुम्ही विचारलं नाहीत.”

माझा संशय खरा ठरला की एरवी मला बरं वाटतं. त्या दिवशी रडू आलं.

“नको जाऊस,” मी म्हणालो. “मला एकट्याला नाही जमणार.”

“एवढं म्हणायला सिनेमा लागला तुम्हाला!” तिनं पदरानं डोळे पुसले आणि बॅग खाली काढायला स्टूल आणा म्हणाली. तिच्या साड्या परत कपाटात लावायच्या होत्या.