माजोलाची शोकेस

नोझिबेलेने साप शाळेतून घरी आणला तो शेअर टॅक्सीतून, मांडीवर झाकणाचा डबा घेऊन. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं तर म्हणाली, "केक आहे." खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण खरं सांगितलं असतं तर आख्खी टॅक्सी जागीच रिकामी झाली असती, ड्रायव्हरसकट.

शाळेच्या प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं झाडलोट करत होती, आणि नऊ वर्षं या सापाचं पाणी, पेटी, उंदीर सगळं तीच बघत होती. तपकिरी, बिनविषारी, माणसाच्या उंचीएवढा लांब. पोरांनी नाव ठेवलं होतं प्रोफेसर. मग शाळेने ठरवलं, प्रयोगशाळा बंद, तिथे कॉम्प्युटर बसवायचे. साप कुणाला हवाय? कुणालाच नको. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, रानात सोडला तर मरेल बिचारा, पेटीत जन्मलाय, शिकार ठाऊक नाही त्याला.

"मग माझ्याकडे द्या," नोझिबेले म्हणाली. बाईंनी खटपट करून तिच्या नावावर सरकारी परवाना करून दिला. अट एकच, साप बंदिस्त हवा.

घरी दोघीच. नोझिबेले आणि तिची सासू मामतोलो. नवरा म्बुयिसेलो चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला, आणि दोघी विधवा एकाच छपराखाली एकमेकींना धरून राहिल्या. डबा उघडला तेव्हा सासू ओरडेल, झाडू उचलेल, असं नोझिबेलेला वाटलं होतं. म्हातारीने दोन्ही हात छातीशी नेले.

"माजोला," ती हळूच म्हणाली. "आलास का रे बाबा?"

म्बुयिसेलोचं कुळ माजोला. त्या कुळात हा साप म्हणजे घरचा वडीलधारा. बाळ जन्मलं की तो बघायला येतो, अंथरुणाजवळ जरा थांबतो आणि जातो. त्याला कुणी काठी लावत नाही. पण त्यांच्या गल्लीत बाकी सगळे इतर कुळांचे, आणि त्यांच्या लेखी साप म्हटलं की फावडं.

"आई, हा शाळेतून आलाय. टॅक्सीनं आणला मी."

"मग काय चालत येईल? सगळीकडे डांबर करून ठेवलंय तुमच्या लोकांनी."

नोझिबेलेने नवऱ्याचं पलंगाजवळचं जुनं कपाट घेतलं. दाराची फळी कापून जाळी ठोकली, आत उबेसाठी दिवा लावला, बाहेरून कडी. गोठवलेल्या उंदरांचं पुडकं फ्रीजरमध्ये कोंबडीच्या पायांशेजारी गेलं, आणि त्यावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, "हे शिजवू नये."

आठव्या दिवशी साप शेजारच्या पुम्लाच्या धुण्याच्या टोपलीत सापडला. पुम्लाची किंकाळी चर्चपर्यंत गेली. नोझिबेलेने कडी बदलली. पुढच्या आठवड्यात तो सगळे ज्याला ताता, म्हणजे बाबा, म्हणतात त्या सोन्वाबोच्या खुराड्यात निघाला, तिसरं अंडं गिळताना. आता ताता सोन्वाबो म्हणजे गल्लीच्या समितीचा अध्यक्ष! दुसऱ्या कुणाची अंडी खाल्ली असती तर एक वेळ निभावलं असतं.

समिती बसली. सोन्वाबोने टोपी मांडीवर ठेवून निकाल सांगितला. "सिसी नोझिबेले, बहिणी, तू सरळ बाई आहेस म्हणून दोन आठवडे देतो. दुसऱ्या रविवारी आम्ही येऊन बघणार. तोवर पक्कं काहीतरी कर. आणि तिसऱ्यांदा तो बाहेर दिसला, तर फावडं माझं."

"नाही दिसणार," नोझिबेले म्हणाली.

पण मनातून ती जळत होती. कडी तिने स्वतः ठोकली होती, ओढून बघितली होती. तिच्या हातचं काम असं निसटतंच कसं? तिने कडीच्या वर बोल्ट लावला. तो दोनदा तपासला आणि कामावर गेली.

समिती बसल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी पाणी नव्हतं म्हणून शाळा दुपारीच सुटली. नोझिबेले घरात शिरली तर मामतोलो जमिनीवर पाय पसरून बसलेली, कपाटाचं दार सताड उघडं, आणि साप म्हातारीच्या पायांवरून दारातल्या उन्हाकडे निघालेला. शेजारी बशीत, पूर्वजांना ठेवतात तशी, घरची बिअर ठेवलेली.

नोझिबेलेने आधी पायाने बाहेरचं दार लोटलं, मग साप उचलून कपाटात घातला, मगच तोंड उघडलं.

"म्हणजे तुम्ही! आणि मी मूर्खासारखी कड्या बदलत बसलेय! आई, लोक मारतील हो त्याला!"

"पाहुण्याला कडी लावतात का गं? कुळाच्या माणसाला कोंडून ठेवलंस कपाटात. नवऱ्याच्या चपला ठेवायचीस तू त्याच्यात."

"दोन आठवड्यांची मुदत आहे!"

मामतोलोने बिअरची बशी जवळ ओढली. मग खाली बघतच बोलायला लागली. "म्बुयिसेलो झाला तो मी घरकाम करायचे त्या मालकिणीच्या मागच्या खोलीत. सिमेंटची खोली, लोखंडी फाटक, दोन कुत्रे. मी तीन दिवस दार किलकिलं ठेवून पडले होते, माजोला येईल म्हणून. कसा येणार? नाहीच आला. माझ्या पोराला कुणी बघितलंच नाही. म्हणून तर त्याचं काही धड झालं नाही, म्हणून लवकर गेला. आता हा आलाय आणि मी त्याच्यासाठी दार बंद करू?"

नोझिबेलेला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. रविवार येत होता. तिने म्हातारीला हात धरून उठवलं आणि पुढच्या खोलीतल्या शोकेसपुढे उभं केलं. दहा वर्षं लोकांच्या घरची भांडी घासून मामतोलोने घेतलेली शोकेस. भिंतभर लांब, सरकत्या काचा, आत सोनेरी काठाच्या कपबशा, आणि कुलूप. किल्ली नाडीत ओवून म्हातारीच्या गळ्यात.

"या कपबशा कुलपात का ठेवल्यात, आई? त्यांनी चोरी केली म्हणून?"

"काहीतरीच काय! फुटतील म्हणून."

"मग?"

मामतोलो चहा न घेताच आपल्या खोलीत गेली. नोझिबेले रात्रभर धास्तावलेली. शोकेस मागायची म्हणजे म्हातारीचं काळीज मागण्यासारखं, आणि तिने तर न मागता मागितलं होतं.

सकाळी उठून बघते तो कपबशा एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, कपड्यांच्या टबात रचलेल्या. शोकेस रिकामी. मामतोलो ओल्या फडक्याने काचा पुसत होती.

"त्या कपाटात वाळवी आहे," ती मागे न बघता म्हणाली. "माजोला वाळवीत राहणार नाही. कर काय करायचंय ते. पण माझ्या काचेला ओरखडा आला तर बघ."

मग नोझिबेलेने पदर खोचल्यासारखी कंबर कसली. मधल्या दोन फळ्या काढून खालचे तिन्ही कप्पे एक केले. भुसा दाबून केलेलं लाकूड, पाणी लागलं की फुगणार, म्हणून आतून दोन हात वॉर्निश दिलं, तळाला स्वयंपाकघरातलं जुनं रेक्झिन कापून बसवलं आणि प्रत्येक सांधा सिलिकॉनने भरला. वॉर्निशचा वास सापाच्या छातीला वाईट, म्हणून पाच दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या. दोघी घोंगड्या पांघरून जेवल्या. म्बुयिसेलोच्या ड्रिलने वरच्या बाजूला हवेची भोकं पाडली, करंगळीही जाणार नाही इतकी बारीक. उबेचा दिवा एका टोकाला, भोवती जाळी, नाहीतर अंग भाजून घेतो. दुसऱ्या टोकाला गारवा, पाण्याचं पसरट भांडं, लपायला काठाशी फोडलेलं उपडं मातीचं मडकं. मागे वायरचं भोक होतं, त्यात तर अंगठा जात होता. तिथे तिने सिमेंटच भरलं. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून ठेवायची, हे तिने म्हातारीला तीनदा शिकवलं.

"कळलं गं. मी पाच पोरं वाढवलीत लोकांची," मामतोलो वैतागून म्हणाली.

रविवारी चर्च सुटल्यावर समिती आली. सोन्वाबो, पुम्ला आणि दारात न मावणारी आणखी आठ-दहा माणसं. सोन्वाबोने काच हलवली, फटीत बोट घालून बघितलं, गुडघ्यावर बसून मागची बाजू तपासली. साप मडक्यातून अर्धा बाहेर येऊन त्याच्याकडे बघत होता.

"काम चोख आहे," सोन्वाबोला म्हणावं लागलं. "पण कपाटालाही कड्या होत्याच की. किल्ली कुठाय?"

"आईंकडे."

"ती समितीकडे राहील. खायला घालायचं असेल तेव्हा येऊन मागायची."

नोझिबेलेने सासूकडे बघितलं. म्हातारीची मूठ गळ्यातल्या नाडीवर घट्ट होती. कपाटाचं दार उघडणारी हीच, हे फक्त नोझिबेलेला ठाऊक. किल्ली देऊन टाकली तर साप नक्की वाचेल. म्हातारीकडे ठेवली तर एका दुपारी फावडं.

"किल्ली कुठं जाणार नाही, ताता," नोझिबेले म्हणाली. "शोकेस आईंची, किल्ली आईंची. तो सुटला तर तुमचं फावडं मी स्वतः आणून देईन."

"मीच उघडत होते," मामतोलो म्हणाली.

पुम्लाने तोंडावर हात ठेवला.

"दोन्ही वेळा मीच. हिची कडी कधीच निघाली नव्हती. तुमच्या अंड्यांचं काय असेल ते मला बोला, सोन्वाबो, हिला नाही."

"आणि आता नाही उघडणार कशावरून, मामतोलो?"

म्हातारीने शोकेसवर ठेवलेला फोटो उतरवला. म्बुयिसेलोचा लहानपणीचा, झबल्यातला, मागच्या खोलीच्या पायरीवर काढलेला. गुडघे धरत ती खाली बसली आणि फोटो बाहेरून काचेला टेकवला.

"बघ," ती सापाला म्हणाली. "हा आमचा. तुला पत्ता सापडला नाही, तुझी चूक नाही ती. आता काचेतूनच बघून घे नीट."

साप मडक्यातून पूर्ण बाहेर आला. जीभ लवलवत काचेपर्यंत आला आणि फोटोसमोर थांबला. म्हातारीने फोटो काचेवरून हलू दिला नाही.

सोन्वाबोने टोपी काढली आणि किल्ली पुन्हा मागितली नाही. पुम्लाने मुलांना दारातून मागे घेतलं, आणि नोझिबेलेने सासूला बसायला स्टूल आणून दिलं.