जेवण वेगळे, भेट वेगळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले की मी शालन आतेचे नाव घेतो. ऐकणारा थबकतो. शालन आते ही माझ्या बाबांची सख्खी थोरली बहीण, आणि आईबाबांच्या घटस्फोटात तिने कोर्टात बाबांच्या विरुद्ध जबानी दिली, हे आमच्या पेडण्याच्या बाजूला सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल लोक तिला अजून नावे ठेवतात. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आज वास्कोला बंदराच्या कामात नोकरी करतो, दर महिन्याला पगार मिळतो, आईचा चष्मा बदलायचा तर कोणाकडे हात पसरावा लागत नाही. हे सगळे त्या नावे ठेवलेल्या बाईमुळे झाले.

आतेला किळस फार लवकर यायची. बसमध्ये चढली की आधी खिडकी उघडायची, कोणाच्या घरी गेली की म्हणायची, “जनेल उघड गो.” पण ही किळस घाणीची नव्हती. तिचे लग्न डिचोलीकडच्या खाणींच्या गावात झाले होते. घरात लाल माती, अंगणात ट्रकचे तेल, त्याचे तिला काही वाटत नसे. काजूच्या दिवसांत बोंडे कुजून सगळ्या डोंगराला आंबूस वास सुटायचा, त्यात ती खुशाल बिया वेचत बसायची. कोणी खोटे बोलू लागले की मात्र तिचा पदर नाकाला जायचा. समोरचा कोण आहे, वयाने मोठा आहे का, हे ती बघत नसे. “वास मारता,” एवढेच म्हणायची आणि उठून जायची. मी लहानपणी एकदा आंघोळ न करता शाळेत गेलो होतो. आई रागावली तेव्हा आते म्हणाली, “हो वास साबणान जाता. जो जायना, तेका भी.”

तो न जाणारा वास आमच्या घरात शिरला तेव्हा मी तिसरीत होतो. बाबांचे खाणीवर दोन ट्रक होते, पैसा चांगला येत होता, आणि त्या पैशात त्यांनी साखळी गावात एका बाईबरोबर दुसरे घर केले होते. आईने भांडण केले नाही. ती मला घेऊन पेडण्याला एका खोलीत राहायला आली आणि काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाऊ लागली. घटस्फोटाला दोघांचीही ना नव्हती. अडले ते माझ्यावर. बाबांचे म्हणणे असे, की पोरगा माझा आहे, तो माझ्याकडे राहील. आईला तो हवाच असेल तर तिने न्यावा, पण त्याच्या खाण्यापिण्याचे आणि शाळेचे काही मागायचे नाही, तसे लिहून द्यावे. मी हवा होतो म्हणून ते मला मागत नव्हते. माझ्यासाठी द्यावे लागू नये म्हणून मागत होते. हे मला पुष्कळ उशिरा कळले, आणि कळले तेव्हापासून त्या दिवसांची आठवण आली की तोंड कडू होते.

माझे थोरले काका, म्हणजे बाबांचे भाऊ, मोठे धार्मिक. कोर्टकचेरीत घराची अब्रू जाते, आपण देवाला विचारू, असे त्यांनी सुचवले. आमच्याकडे गावच्या देवाला प्रसाद लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणे घालतात आणि पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, त्यावरून देवाची मर्जी कळते. लग्न, घर, बोअरवेल, सगळे असे विचारले जाते. आई श्रद्धाळू. प्रसाद उजवा पडला असता तर तिने मला तिथल्या तिथे सोडून दिले असते आणि जन्मभर रडली असती. म्हणूनच काकांना ही युक्ती सुचली असावी, असे मला वाटते.

त्या सोमवारी आम्ही सगळे देवळात उभे होतो. आते डिचोलीहून आली होती. पाकळ्या लावून झाल्या. भटजींनी गाऱ्हाणे सुरू केले, की बा महाराजा, ह्या लेकराने बापाच्या घरात राहावे हे तुझ्या मनात असेल तर उजवा दे. आई हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तेव्हा आते पुढे झाली.

“भटजी, जरा थांबात,” ती म्हणाली. “देवाक विचारूचा ता, जेचा उत्तर माणसाक ठावक नसता. हेचा उत्तर माका ठावक आसा.”

काका तिच्यावर धावले, की देवळात बायकांनी मध्ये बोलू नये. तिने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती बाबांना म्हणाली, “दिगू, हो झील कितवीत आसा, सांग.”

बाबा म्हणाले, “दुसरीत.”

“आणि ताप इलो की हेका खयचा औषध चलना नाय?”

मला एका पिवळ्या औषधाने अंगभर पुरळ यायचे, एकदा त्यापायी म्हापशाच्या दवाखान्यात ठेवले होते. आते तेव्हा माझ्याजवळ बसली होती. बाबा आले नव्हते.

“आणि हो देवाकडे झील मागता,” आते म्हणाली. तिने पदर नाकाला लावला. देवळात, उदबत्तीच्या धुरात, सगळ्या गावासमोर. “वास मारता रे तुजो.”

मग तिने आईला हाताला धरून बाहेर आणले आणि आईने मला. मागे पाकळी पडली का, पडली तर कुठल्या बाजूची, ते मला आजही माहीत नाही. काकांनी मात्र गावभर सांगितले की ती उजवी पडली.

दुसऱ्याच दिवशी आते आईला घेऊन म्हापशाला एका वकीलबाईंकडे गेली. मी बाकावर बसून उंडा पाव खात होतो. वकीलबाईंनी जे समजावले त्यातले मला तेव्हा काही कळले नाही, पण आतेने ते इतक्या वेळा सांगितले की पाठ झाले. मूल कोणाची मालमत्ता नसते. ते कोणाकडे राहील हे बापाचे नाव किंवा आईचे अश्रू बघून ठरत नाही, मुलाचे भले कुठे होईल ते कोर्ट बघते. मुलाच्या पालनपोषणाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे, आईवर केलेली मेहेरबानी नव्हे, म्हणून आईने रागात किंवा भीतीपोटी ‘काही नको’ असे लिहून दिले तरी त्याने मुलाचा हक्क संपत नाही. आणि मूल ज्याच्याकडे नसेल त्याला ते भेटू द्यायचे, हेही मुलासाठीच. आते हे सगळे चार शब्दांत सांगायची: “जेवाण वेगळा, भेट वेगळी.”

कोर्टात बाबांनी सांगितले की त्यांना काही मिळकतच नाही. दोन्ही ट्रक भावाचे आहेत, आपण नुसते चालवतो. कागद तसेच होते. देवळातल्या सोमवारनंतर थोड्याच दिवसांत ट्रक काकांच्या नावावर झाले होते. सख्ख्या मुलाच्या ताटातला भात वाचवायला माणूस एवढी धावपळ करतो, आणि त्याला साथ द्यायला दुसरा माणूस देवपूजा आटोपून, गंध लावून सही करायला जातो. याला काय म्हणावे, हे मला इतकी पुस्तके वाचूनही सापडलेले नाही. आतेचा शब्दच बरा.

आते जबानीला आली ती मोरपिशी रंगाच्या जरीकाठी साडीत. आई सांगते, की तिला बघताच बाबांची मान खाली गेली. नवा ट्रक आला तेव्हा आतेने तो ओवाळला होता, चाकाखाली नारळ ठेवला होता, आणि ओवाळणी म्हणून बाबांनी तिला तीच साडी दिली होती. दुसऱ्या ट्रकच्या वेळीही तसेच. आतेने तेवढेच सांगितले. बाबांच्या वकिलांनी विचारले, की बाई, सख्ख्या भावाविरुद्ध बोलायला तुम्हाला काही वाटत नाही का? ती म्हणाली, “भावाविरुद्ध खंय बोलतंय? ओवाळलेल्या ट्रकाबद्दल बोलतंय. ओवाळणी दिगून दिली. थोरल्यान त्या दिवशी फकत पेढे खाल्ले.” न्यायाधीशांनाही हसू आले, असे आई म्हणते.

एका साडीवर निकाल लागत नाही. खाणीवरच्या फेऱ्या, बँकेतली ये-जा, वकीलबाईंनी पुष्कळ काही पुढे आणले. पण सुरुवात त्या साडीने झाली. मी आईकडे राहिलो, बाबांनी दरमहा माझा खर्च द्यायचा ठरले, आणि महिन्यातून दोन रविवार त्यांनी मला भेटायचे, बरोबर आते असेल.

त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणपतीला, आतेला माहेरचे बोलावणे आले नाही. पुढेही कधी आले नाही. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला चवथीचे माहेर म्हणजे काय असते ते सांगायला नको. गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधायला तिच्याइतका नीट हात घरात कोणाचा नव्हता. ती त्याबद्दल एकदाच बोलली. रानातली फळे बाजारात विकायला आलेली बघून म्हणाली, की तिथे यंदा माटोळी वाकडीच बांधली असणार.

दोन रविवारच्या भेटी पेडण्याच्या बाजारातल्या एका हॉटेलात व्हायच्या. आते डिचोलीहून म्हापसा करत दोन बस बदलून यायची, मला आईकडून घ्यायची, बाबांच्या समोर बसवायची आणि स्वतः शेजारच्या टेबलावर आमच्याकडे पाठ करून बसायची. बाबा भजी मागवायचे आणि विचारायचे, आई कोणाशी बोलते, घरी कोण येते. आतेची पाठ ताठ व्हायची. ती वळायची नाही, फक्त म्हणायची, “दिगू, झिलाक शाळेचा विचार.” मग बाबा शाळेचे विचारायचे. एकदा त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. तेव्हाही तिने वळून पाहिले नाही.

मी नववीत असताना खाणी बंद पडल्या आणि बाबांनी खर्च देणे थांबवले. आईचा संताप झाला. तिने ठरवले, की पैसे नाहीत तर भेटही नाही, आणि रविवारी दाराला आतून कडी लावली. मला वाटले आते आईची पाठ थोपटेल. आतेने बाहेर खिडकीशी येऊन पदर नाकाला लावला.

“मालिनी, हांगाय वास मारूक लागलो,” ती म्हणाली. “तेना झिलाक तागडीत घातलो, आता तूय घाल.”

आई म्हणाली, “वन्सं, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?”

“तागडीत बसलाहा तेच्या.”

आईने कडी काढली. आते मला त्या रविवारी बाबांकडे घेऊन गेली, नेहमीसारखी पाठ करून बसली, आणि सोमवारी वकीलबाईंकडे जाऊन थकलेल्या खर्चासाठी अर्ज करायला आईला भाग पाडले. तो खर्च वसूल झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. माझी तीन वर्षांची फी त्यातून गेली. मी पदवीधर झालो तो असा.

आता आते थकली आहे. गुडघे धरतात, ऐकू कमी येते, फोनवर बोललेले तिला कळत नाही. गेल्या महिन्यात तिने शेजारच्या मुलीकडून निरोप दिला, की दिगूला अर्धांगाचा झटका आला आहे, साखळीच्या बाईने त्याला गावच्या घरी आणून सोडले आहे, मी तुला सांगितले, पुढचे तुझे तू बघ. त्यानंतर काकांचा फोन आला. मुलाचे कर्तव्य, आईबापाचे ऋण, असे बरेच बोलले. म्हाताऱ्या बापाला मुलाने पोसावे असा कायदाही आहे, हे त्यांनी बजावून सांगितले. ट्रकांचे मी विचारले. ते म्हणाले, ते कधीच विकले, कागदावर माझेच होते ना. त्यांच्या आवाजात लाज नव्हती. फोन खाली ठेवल्यावर मी खोलीची खिडकी उघडली.

आईला विचारले. ती म्हणाली, तुझ्या आतेला विचार. आतेने तर ते माझ्यावरच सोडले होते. मी तिला पत्र लिहिले. ती मराठी चौथी शिकलेली आहे, अक्षर मोठे काढले की वाचते.

ती. शालन आतेस सा. न.

तुझा निरोप मिळाला. काकांचाही फोन आला होता. तो फोन कसा होता ते तुला सांगायची गरज नाही, तू पदर लावला असतास.

आते, मी खूप दिवस रागात होतो. ज्यांनी माझ्या जेवणाचे चुकवायला ट्रक लपवले, त्यांना मी का पोसावे, असे मनात येत होते. अजूनही येते. पण मग तुझे जेवणाचे आणि भेटीचे बोलणे आठवले. ते फक्त माझ्या लहानपणापुरते होते, असे तू कधी म्हणाली नव्हतीस. म्हणून बाबांच्या जेवणाची आणि औषधाची सोय मी केली आहे. शेजारची रखमाबाई दोन वेळा रांधून देईल. पैसे थेट तिला आणि औषधवाल्याला जातील, काकांच्या हातात नाही. काकांनी बजावले म्हणून हे करत नाही आणि कायद्याच्या भीतीनेही नाही.

भेटीचे मात्र जमत नाही. मी गेल्या रविवारी पेडण्यापर्यंत आलो होतो. त्याच हॉटेलात चहा घेतला आणि परत गेलो. त्यांच्यासमोर बसून काय बोलायचे ते मला सुचत नाही. शाळेचे विचारायचे दिवस राहिले नाहीत.

तू बरोबर असलीस तर कदाचित जमेल. चवथीच्या आधीच्या रविवारी मी गाडी घेऊन डिचोलीला येतो. बस बदलावी लागणार नाही. त्या घराने तुला बोलावलेले नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी बोलावतो. येशील का? माझ्याशेजारी बस असे म्हणत नाही. पाठ करून बसलीस तरी चालेल.

तुझा,
उमेश